ताक, गोळी आणि सुमनमावशी

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या फाटकासमोर आमच्या संस्थेची आरोग्याची पत्रकं वाटत होते. फोन शबानाआपांचा. मावशीच्या समोरच्या घरात त्या शिवणकाम करतात. “जल्दी आ, सुमनबाई गई,” एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. सकाळी कोरा चहा गाळता गाळता मावशी खाली बसली ती उठलीच नाही... टी.व्ही. सेंटरमागच्या मावशीच्या गल्लीत पोचले, तर अंगणात बसलेला एक पाव्हणा शेजारच्याला सांगत होता, “रोज दही-ताक घ्यायच्या म्हणं. काय उपेग झाला?” माझं डोकंच फिरलं. भांडायला पुढं सरसावले आणि तिथंच थांबले. दही-ताकानं दुखणं पळतं असं मावशी आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. मी म्हणाले होते. चांगलं छापून.

आमची ओळखच पत्रकावरून झाली. रस्त्यात मी दिलेला कागद तिनं उभ्या उभ्या वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. “दोन चुका हायेत. चल, ताक पिऊन जा.” नोकरीला असताना ती लासूर स्टेशनच्या दूध संकलन केंद्रात तपासणीच्या खोलीत होती. सगळी हयात दुधात गेली आणि दूध तिला स्वतःला पचत नव्हतं! घोटभर गेलं तरी पोट फुगायचं. “गावाचं दूध तपासलं आन् माझ्या वाट्याला कोरा चहा,” म्हणून स्वतःच खदखदून हसायची. दही मात्र चालायचं. का, तेही तिनंच समजावलं. दुधातली साखर सगळ्यांना पचत नाही, विरजणातले जंतू त्यातली बरीचशी आधीच खाऊन टाकतात. “मग कढी तर अजूनच चांगली,” मी म्हणाले. “कढी उकळली की जंतू मेले, पोरी. कढी चवीसाठी खायची. तिच्यात लई गुण शोधायचे नाय.”

त्या दिवसांत मी गोड ‘हेल्थ ड्रिंक’वाल्यांवर भडकलेली होते. अजूनही आहे. डब्यावर ‘रोगप्रतिकारशक्ती’, गोड दह्याच्या कपावर हसऱ्या जंतूंची चित्रं आणि आत साखर! पोरांच्या आयांना घाबरवून माल खपवायचा, याला मी तरी धंदा म्हणत नाही. घरचं ताक हेच यावर उत्तर, असं मी ठरवूनच टाकलं आणि मावशीला विचारायला गेले. तिनं सावकाश सांगितलं... आंबवलेल्या दुधानं काहींचं पोट सुधारतं. बीपी-शुगरवरही अभ्यास चाललेत, काहींत थोडा फायदा दिसतो, काहींत नाही. “आन् कपावरच्या जंतूचे गुण आपल्या विरजणाला चिकटवू नको. आपल्या विरजणात कोण कोण हाय, ते मलाबी ठाव नाय.” मला एवढं लांबलचक नको होतं. पत्रकात ‘कदाचित’ आलं की माणूस पत्रक चुरगाळतो, असं आम्हाला संस्थेत शिकवलेलं. मी छापलं, ‘घरचं ताक प्या, बीपी-शुगर पळवा!’

पंधरवड्यानं शबानाआपांना मशीनवर बसल्या बसल्या चक्कर आली. मावशीनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बीपी की गोली बंद करी मैं. पर्चे मेंच लिखा है ना. रोज दो गिलास पी रई, नमक डाल के!” बीपीच्या बाईची गोळी बंद, वर मीठ घातलेलं ताक. मावशीनं आधी त्यांना डॉक्टरकडं नेलं, मग मला बोलावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “कुठं कुठं वाटली पत्रकं?” एवढंच. मी म्हणाले, नवीन दुरुस्त करून छापते, मागे घेतली तर कंपन्यांची माणसं हसतील. “हसू दे. आमच्या रजिस्टरला नोंद चुकली तर रबर नव्हता. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पायजे, बाजूला सही. चूक कुणाची ते दिसलं पायजे.” दोन दुपारी आम्ही दारोदार फिरलो. मी रेघ मारायची, सही करायची आणि मावशी वर लिहायची, ‘काहींना फायदा होऊ शकतो. गोळ्या बंद करू नका.’ शबानाआपा तर लांबूनच ओरडल्या, “आ गई ताकवाली डॉक्टरनी!” मी त्यांच्या हातातलं पत्रक घेऊन रेघ मारली. त्यानंतर मावशीला एक सवयच लागली. कुणाला ताक देताना पेला घट्ट धरून ठेवायची आणि आधी विचारायची, “गोळी घेतली का?” हो म्हटलं की मगच सोडायची. मलासुद्धा! “मला कसली गोळी?” “मग पी गप.”

गेल्या आठवड्यात तिची मुलगी वैशाली स्वयंपाकघर आवरत होती, मी मदतीला गेले. भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून ते पत्रक चिकटवलेलं. रेघेखाली माझी थाप अजून स्वच्छ वाचता येते, बाजूला माझी सही... “काढू का गं?” वैशालीनं विचारलं. मी म्हणाले, राहू दे. तेवढ्यात शबानाआपा आल्या. मावशीच्याच विरजणाचं दही वैशालीनं घुसळून ठेवलं होतं. पेला भरून मी आपांपुढं केला. त्यांनी धरला, पण माझी बोटं काही सुटेनात.

“गोळी घेतली का?”

आपांनी माझ्याकडं बघितलं. ओढणीनं डोळे टिपले आणि हसायलाच लागल्या. “ली मां, ली! मर के भी पीछा नइ छोड़ती ये औरत.”

मग मी पेला सोडला.