प्रस्तावनेसाठी अडलेली गोधडी

मंडळी, सावेडीतून आत्ताच घरी आले आणि थेट लिहायला बसले.

गोधडी कशी शिवावी, यावर मी पुस्तक लिहिलंय हे तुम्हाला ठाऊक आहे. छपाई अडली होती ती प्रस्तावनेपायी. मोठ्या माणसाची प्रस्तावना नसेल तर पुस्तक हातात कोण घेणार, या धास्तीने मी आमच्या निवृत्त प्राचार्यांकडे कागद दिले आणि दिवाळीपासून वाट पाहत बसले.

आज गेलेच. सर म्हणाले, "प्रस्तावना म्हणजे घाईचं काम नव्हे, बाई. कागद असतील इथेच कुठेतरी."

"तिथं नाहीत, माझ्याकडे आहेत!" आतून त्यांच्या पत्नी शोभाताई ओरडल्या.

आत जाऊन पाहते तर जमिनीवर अर्धी शिवलेली गोधडी आणि तिच्याभोवती माझं पुस्तक पानापानाने पसरलेलं!

"तुमचं वाचत वाचत शिवतेय. जन्मातली पहिलीच, नातीसाठी. टाके लई वाकडे आलेत का हो?"

"वाकडेच आहेत. पण आता प्रस्तावना तुम्हीच लिहायची."

"अगं बाई, मी काय लिहू?"

"आत्ता बोललात तेच."

त्यांनी तिथेच बसून चार ओळी लिहून दिल्या. दारात उभे असलेले सर म्हणाले, "मग मी काय करू?"

"तुम्ही सुईत दोरा ओवा," शोभाताई म्हणाल्या.

येताना छापखान्यात प्रस्तावना देऊनच आले.

तुमचं लिखाण कोणाच्या टेबलावर पडलंय? उठा, आणि घेऊन या.