बुटातली राणी

आमच्या ह्यांना मुंग्या पाळायचं खूळ लागलं ते नोकरी संपल्यावर. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात. हे मुंग्या! पण मी तोंड आवरलं, कारण त्याआधीचे दिवस मी पाहिले होते. कपडे धुण्याच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस सकाळपासून खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. ताट पुढे केलं तर "ठेव" एवढंच म्हणायचा. मला धडकीच भरली होती.

मग एकदा जिन्यातल्या दिव्याखाली पंख गळलेली भलीमोठी काळी मुंगी दिसली, आणि हे ताडकन उठून तिला ठेवायला काडेपेटी शोधायला लागले. राणी असते म्हणे, कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून हवा दमट झाली की संध्याकाळी दिव्याखाली उकिडवे बसायचे. बघून बघून मीही शिकले. डोकं बारीक आणि अंग सडसडीत, तो नर. त्याला पकडून उपयोग नाही, तो लवकरच मरतो. पाठ फुगीर, पोट जड आणि पाठीवर पंख तुटल्याच्या खुणा, ती राणी.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या भाच्याने काचेच्या नळ्या आणून दिल्या. तळाला पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाला पुन्हा कापूस. खायला काही द्यायचं नाही. पंख गळले तरी पंखांचे स्नायू अंगात असतात, त्यांच्यावर ती स्वतः जगते आणि पिल्लंही पोसते. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत नळी अंधारात, न हलवता ठेवायची.

इथेच घोडं पेंड खायचं. चहा झाला की नळी बघ, अंघोळ झाली की नळी बघ. टॉर्चला लाल कागद चिकटवला, का तर लाल उजेड मुंग्यांना कळत नाही. अहो, पण नळी उचललेली तर कळते ना तिला! घाबरली की राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. एकामागून एक सगळ्या राण्यांनी तेच केलं, आणि दरवेळी हे परत खुर्चीत.

"बघितल्याशिवाय राहवतच नाही का हो?" एकदा मी कडाडलेच.

"बॉयलरला पाण्याची पातळी बघायची काच असते," हे म्हणाले. "अशीच, नळीसारखी. नजर हटली, पाणी उतरलं, तर बॉयलर फुटतो. हात आपोआप जातो गं."



शेवटची राणी मिळाली तेव्हा हंगाम सरत आला होता. नळी माझ्या हातात देऊन हे म्हणाले, "लपव कुठेतरी. कितीही विचारलं तरी सांगू नकोस. ही गेली तर मी पुन्हा काही करणार नाही." ते 'काही' ऐकून मला ती खुर्ची आणि ती भिंत आठवली.

दोन खोल्यांच्या घरात लपवणार कुठे? पलंगाखाली ह्यांचे कामावरचे जाड बूट होते. नोकरी संपल्यापासून हे त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. एका बुटात जुना मोजा कोंबला आणि नळी त्यात सरकवली.

मग माझा छळ सुरू झाला. "सांगू नकोस, पण चुलीजवळ नाही ना?"

"डोकं खाऊ नका!"

जेवण नुसतं चिवडायचे. खरं सांगते, माझेही हात शिवशिवायचे. पलंगाखाली झाडू न्यायचंच मी बंद केलं. साचेना का धूळ!

पुरेसे आठवडे उलटल्यावर मी बूट ओढून काढला. हे दचकले. "यात?"

"यातच. तुम्ही याच्याकडे बघणार नाही, माहीत होतं मला."

ह्यांचा हात पुढे आला, टॉर्चही होताच हातात. मग काय वाटलं कोण जाणे, टॉर्च माझ्याकडे दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. "तू बघ. मला नुसतं सांग."

मी मोजा हळूच बाजूला केला. राणी होती. तिच्या अंगाखाली फिकट, बारीक कामकरी मुंग्या वळवळत होत्या. एक तर तिचं तोंड चाटत होती. नीट दिसावं म्हणून मी टॉर्च आणखी जवळ नेला.

"गेली का गं?" हे भिंतीला विचारल्यासारखं म्हणाले.

"छे हो! लेकुरवाळी झालीय. आता त्यांना खायला हवं."

हे वळले, पण नळीकडे नाही. साखरपाणी करायला थेट स्वयंपाकघरात गेले. डबे आपटल्याचे आवाज आले, आणि मग आतूनच म्हणाले, "मलाही वाढ गं. भूक लागलीय."