मूस फोडण्याआधी

आमचा धंदा गलाईचा. लोक जुने दागिने आणतात, आम्ही ते वितळवतो, कस तपासतो आणि सोन्याची लगड करून हातात देतो. आमच्या सांगलीकडची अशी घरं देशभर पसरली आहेत. आमचं दुकान बंगळुरूत, जयनगरच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. बाहेरच्यांना वाटतं, हा सोन्याचा धंदा. मला विचाराल तर संशयाचा. गिऱ्हाईक आमच्या हातांवर नजर ठेवतं, आम्ही गिऱ्हाइकाच्या पिशवीवर, आणि वरचा कॅमेरा सगळ्यांवर. त्याचाही फारसा उपयोग नाही. गिऱ्हाईक म्हणतं, कॅमेरा तुमचाच की.

पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेले तशी कॉलेज सुटल्यावर मला दुकानात बसवण्यात आलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. गिऱ्हाईकंही त्यांना अण्णाच म्हणतात, त्यामुळे मुलगी असल्याचा मला खास फायदा नव्हता. मैत्रिणी जे. पी. नगरला मॉलमध्ये फिरायच्या तेव्हा मी भट्टीपाशी चिमटा घेऊन उभी असायचे. तेही चालवून घेतलं असतं. चालवून घेता येत नव्हती ती संध्याकाळ.

घरी निघण्याआधी अण्णा टेबलावर पांढरं कापड पसरायचे आणि कंगवा पुढे करायचे. मी कापडावर वाकून केस विंचरायचे, ओढणी झटकायचे, परातीत हात धुवायचे. केसांत, नखांत सोन्याचे कण अडकतात, म्हणून ते पाणीसुद्धा फेकायचं नाही, पिंपात साठवायचं. ही धंद्याची रीत आहे, मला माहीत होतं. पण मी विंचरत असताना अण्णा ज्या नजरेने बघत राहायचे, ती काही रीत नव्हे, असं माझं ठाम मत होतं. पगारी माणूस का ठेवत नाही, असं विचारलं की म्हणायचे, "घरचं माणूस बरं असतंय." यात काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटायचं. हळूहळू माझी खात्रीच झाली: अण्णांना मी चोर वाटते, आणि चोर डोळ्यांसमोर असलेला बरा, म्हणून मी इथे आहे.

एकदा बसवनगुडीच्या एक बाई आपल्या आईच्या बांगड्या घेऊन आल्या. वितळवल्यावर वजन कमी भरलं. सांधे जोडायचा डाक जळतो, मळ जळतो, थोडी घट येतेच. पण ही जास्त होती, ते मलाही कळलं. बाईंनी काट्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ही मघाशी भट्टीपाशी होती ना?" त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये विचारलं.

"माझी मुलगी आहे, अक्का."

"असू दे की. स्वल्प बघून घ्या."

आता अण्णा भडकणार, असं मला वाटलं. निदान उठतील तरी. ते उठले, पण कापड आणायला. "ये बाळा," म्हणाले. त्या परक्या बाईसमोर मी केस सोडले, विंचरले, ओढणी झटकली, खिसे उलटे करून दाखवले. कापडावर दोन केसांशिवाय काही पडलं नाही.

मग अण्णांनी मूस, म्हणजे ज्या मातीच्या वाटीत सोनं वितळवतात ती, हातोडीने फोडली. तळाच्या भेगेत सोन्याचा मणी चिकटून बसला होता. तो लगडीशेजारी काट्यावर ठेवला आणि वजन ठीक भरलं. "सरी, ठीक आहे, अण्णा," म्हणून बाई लगड घेऊन गेल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"सोनं मुशीला धरतं, हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "मग आधी मूस का नाही फोडली?"

"मणी आधी निघाला असता, तर आणखी थोडं पोरीकडं असंल, हे बाईच्या मनात राहिलं असतं. आता काय राहिलं न्हाई."

"तुमच्याही मनात?"

त्यांनी मुशीचे तुकडे गोळा करून डब्यात टाकले. मग म्हणाले, "तुझ्या आधी गावाकडचा एक पोरगा कामाला होता. त्याची अशीच झडती घ्यावी लागली. काय सापडलं न्हाई. पण दुसऱ्या दिवशी तो आला न्हाई. परत कुणाच्या लेकराला असं उभं करायला मन हुईना."

"मला केलेलं चालतं?"

"तू उद्याबी येशील."

याचं काय करावं मला कळेना. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटावं म्हणूनच हे सांगितलं असेल, असंही वाटलं. दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी नेहमीसारखा कंगवा पुढे केला. मी तो घेतला नाही. कापड त्यांच्या बाजूला सरकवलं.

"आधी तुम्ही."

अण्णांनी कापडावर वाकून आपले विरळ केस विंचरले, सदरा झटकला, परातीत हात धुतले. मी कापड दाराशी उजेडात नेऊन नीट तपासलं, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"काय सापडलं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी कंगवा टेबलावर ठेवला, आणि मी दुकानात यायला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ करून ते काचेच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

दाराच्या काचेत मागचं दिसतं का, हे मी आधी बघून घेतलं. बाहेर अजून ऊन होतं, काचेत काहीच दिसत नव्हतं. मग मी कापडावर वाकले आणि केस सोडले.