पालथा कप

देवळेकरांच्या परसात खणायला सुरुवात झाली त्या दिवसापासून चंद्रभागेचा पाय घरात ठरेना. गुडघे दुखतात म्हणून एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाणारी बाई, नातीला डबा द्यायचं निमित्त काढून रोज अकराच्या आतच आळीत हजर. डबा देऊन परतावं, तर तेही नाही. पाडलेल्या घराच्या उरलेल्या पायरीवर बसायची, उठायची, खड्ड्यात डोकावायची, पुन्हा बसायची.

नात श्रुतिका कॉलेजात इतिहास शिकत होती. महाडच्या बाजारपेठेतलं देवळेकरांचं घर पुरात खचलं होतं, ते शेवटी पाडलं. तिथे आता इमारत उठायची होती. पाया खणण्याआधी इतिहासाच्या दर्शना मॅडमनी आठ दिवस मागून घेतले. दोऱ्या ताणून चौकोन आखायचे, माती चाळायची, निघेल तो तुकडा पिशवीत घालून वर नंबर टाकायचा. मालक कसे राहत होते, नोकर कसे, हे घराच्या कचऱ्यावरून कळतं म्हणे.

"आज्जी, माणसं लपवतात, कचरा नाही लपवत," श्रुतिका म्हणाली.

"कचरा पण माणसंच टाकतात गो," म्हणत चंद्रभागा परत उठली.

या घरची भांडी तिनं बावीस वर्षं घासली होती. मागच्या दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तिचा कप. कान तुटलेला. मालकीण, म्हणजे माई, उंचावरून चहा ओतायच्या, किटलीचं तोंड कपाला लागू न देता. चंद्रभागेनं प्यायचा, विसळायचा, पालथा ठेवायचा. त्या कपाला घरातलं कुणी शिवत नसे. मांजर सोडून.

आत काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे सहा कप असत. मुलगी बघायला पाहुणे आले की तेवढ्यापुरते बाहेर निघत. असेच एकदा पाहुणे येऊन गेले आणि कप धुवायला मोरीवर आले. माई लवंडल्या होत्या. किटलीत तळाला चहा उरला होता. चंद्रभागेनं तो सोनेरी काठाच्या कपात ओतला आणि तोंडाला लावला. तेवढ्यात आत माई खोकल्या. कप दगडावर.

धुताना फुटला म्हणाली असती तरी चाललं असतं. माई चार शब्द बोलल्या असत्या, विषय मिटला असता. पण तो घोट अजून तोंडात होता, आणि तिला वाटलं, माईंना तो आपल्या ओठांवर दिसेल. तिनं तुकडे वेचले, भांड्यांसाठी राख साठवायच्या खड्ड्यात खोल पुरले, आणि वर आपला कप पालथा घातला. माई काठीनं राख उकरून बघतील, पण हा कप दिसला की काठीसुद्धा मागे घेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपला कप मांजरानं पाडला, असं सांगून तिनं चहाला पत्र्याचा डबा मागून घेतला.

कपाटात कप भरले पाच. चोरीचं नाव आलं मंजुळेवर, कारण कपाट ती पुसायची. सव गावची मंजुळा, चंद्रभागेहून दोन वर्षांनी धाकटी. तिचं काम सुटलं, आणि मग आळीतल्या एकाही घरानं तिला उंबऱ्याआत घेतलं नाही. उद्या सांगू, असं चंद्रभागा रोज ठरवायची. त्याला चाळीस वर्षं झाली.

पाचव्या दिवशी खड्ड्यातून श्रुतिकेची हाक आली. राखेच्या काळ्या थरात एक बिनकानाचा कप पालथा होता आणि त्याखाली सोनेरी काठाचे तुकडे, जणू कुणी झाकून ठेवलेले. मॅडम वाकल्या, फोटो काढले. खणण्यावर नजर ठेवायला आलेली देवळेकरांची सून रेश्मा पुढे झाली.

"हे कुणीतरी मुद्दाम मांडलंय," मॅडम म्हणाल्या. "नजर लागू नये म्हणून एखादा तोडगा वगैरे असेल का?"

"तोडगा नाय तो," पायरीवरून आवाज आला. "तो माझा कप हाय."

सगळे वळले. चंद्रभागेनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घोट, खोकला, मंजुळा. नातीकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

"जाऊ दे ना मावशी," रेश्मा म्हणाली. "माई पण गेल्या आता. कुणाला आठवतंय?"

"माईंसाठी नाय सांगितला मी."

तिनं एक तुकडा मागितला. मॅडम क्षणभर घुटमळल्या, मग पिशवीवरचा नंबर वहीत लिहून त्यांनी एक दिला. श्रुतिका आजीसोबत रिक्षात बसली.

सवला मंजुळा ओटीवर वाल सोलत होती. आळीत जे सांगितलं ते तिलाही सांगून चंद्रभागेनं तुकडा पुढे केला. मंजुळेनं तो हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला.

"मला कळला होता," ती म्हणाली. "तुझा कप आणि तो कप एकाच दिवशी कसे जातील गो? मांजर काय दिवस बघून पाडतं?"

"मग बोलली का नायस?"

"माझा ऐकला असता कुणी? सासू मरेस्तोवर मला चोरटी म्हणत होती." वालाचं एक टरफल तिनं लांब फेकलं. "चव कशी होती?"

"कळलीच नाय. जीभ भाजली."

मंजुळा हसली नाही. तुकडा तिनं पदराच्या टोकात बांधला. चंद्रभागेला वाटलं, झालं, आता उठावं.

"आळीत सांगितलंस म्हणतेस. कोण कोण होता?"

"पोरं, मॅडम, देवळेकरांची सून."

"शेजारचे नव्हते. समोरचे नव्हते. ज्यांनी दारं लावली ते नव्हते." मंजुळेनं सूप बाजूला सारलं. "उद्या सकाळी मी येते. प्रत्येक दाराशी उभी राहते. तू बोल."

"चाळीस वर्षांत माणसं बदलली गो त्या घरांतली."

"दारं तीच हायत."

परतताना रिक्षात श्रुतिकेनं आजीच्या हातावर हात ठेवला. चंद्रभागा आळीतली दारं बोटांवर मोजत होती. अकरापर्यंत गेली, एक राहिलं असं वाटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.