सब्बलीला लावलेला कान

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांना ठाऊक नाही. तुला सांगतोय ते तू माझ्या ओळखीचा नाहीस म्हणून — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी कुठे स्वतःची बाजू सावरायला लागलो, तर तू मला तिथल्या तिथे अडव.

गोष्ट एका कुत्रीची आहे. हसू नकोस. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत आलो — अरे, कुत्री होती, मेली, एवढं काय त्यात?

आमचं गाव सोनाळ्याच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, मी पंचविशीत होतो. आमची माळ्याची शेती — रताळी, कांदे, भुईमूग. आणि नाल्याच्या दरडीत सायाळी. सायाळ एकदा वाफ्यात घुसली की पाहायला नको! अर्धं खाते, उरलेलं उकरून नासवते. मग आम्ही तिचं बीळ शोधायचो आणि त्यात कुत्रं सोडायचो.

त्या कामाची कुत्री वेगळी असत. कुण्या गोऱ्या साहेबानं इंग्रजी राज्यात टेरियर आणली होती म्हणे. ती इथल्या कुत्र्यांत मिसळत गेली आणि लोकांच्या तोंडी टेरी एवढंच नाव राहिलं. गुडघ्याएवढी उंची, राठ केस, आणि बडबड — भुंकणं थांबतच नसे. टेरी पारखायच्या दोन खुणा होत्या. एक, तिची छाती दोन हातांच्या वेढ्यात बसली पाहिजे, अंगठ्याला अंगठा आणि बोटाला बोट टेकलं पाहिजे. म्हणजे ती बिळात अडकत नाही. दुसरी, तिनं चावायचं नाही. सायाळीपुढे हातभर अंतर ठेवून उभं राहायचं आणि भुंकत राहायचं. आम्ही वरून तो आवाज धरून नेमकं तिथेच खणायचो. काम करून आली आणि तोंडावर ओरखडा नाही, तर ती टेरी चांगली.

आता वरून आवाज कसा धरायचा? तर जमिनीत लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, रोवायची आणि तिच्या डोक्याला कान लावायचा. हातभर, दोन हात खालचं भुंकणं सब्बलीतून वर येतं. तेवढा वेळ बाकीच्यांनी पाऊलसुद्धा हलवायचं नाही. आणि ऐकायचं एकानंच. चौघांनी ऐकलं की चौघं चार जागा दाखवतात, तोवर खाली कुत्रं गुदमरतं. म्हणून कान एकाचा, आणि त्यानं सांगितलं तिथेच खणायचं — पुन्हा कुणी विचारायचं नाही. आमच्या गावात तो कान माझा होता.

खणणारा उकंडा. माझ्याच वयाचा, बौद्ध वाड्यातला. आम्ही शाळेत एका ओळीत नव्हतो बसलो, पण नाल्यावर सोबत वाढलो. विहिरीच्या कामावर एक सुरुंग त्याच्या फार जवळ उडाला आणि त्याचे दोन्ही कान गेले. जवळ जाऊन ओरडलं तर थोडं कळायचं, नाहीतर ओठांकडे पाहायचा. पण हात! काय हात होते त्या माणसाचे. गाभण गाईच्या पोटावर पंजा ठेवून सांगायचा, आज नाही, परवा. पोरीच्या पाठीला हात लावून सांगायचा, हिच्या छातीत कफ आहे. एरवी गावात त्याला फारसं कुणी विचारत नसे. दीक्षा घेतल्यापासून तर काही लोक मुद्दाम तोंड फिरवून जात. मी जात नव्हतो. मला वाटायचं, मी चांगला आहे.

चिमी त्याची टेरी. एवढीशी, मातकट रंगाची, एक कान पडलेला. दहा गावांत तिच्या आवाजाची कुत्री नव्हती. "चिमी भुकते अन् श्रावन ऐकते," उकंडा लोकांना सांगायचा, "मले फक्त खंदा लागते." श्रावण म्हणजे मी.

मग हवा बदलली. जळगाव जामोदहून जंगलाचा एक ठेकेदार जीप घेऊन आमच्याकडे यायला लागला. त्याला शिकारीचा नाद. त्याचं म्हणणं असं की भुंकणारं कुत्रं भित्रं. खरं कुत्रं गप्प आत जातं आणि धरतं. तोंड फाटलेलं, कान तुटलेला, असं कुत्रं दिसलं की तो जीपमधून उतरून त्याला थोपटायचा. छातीचं माप काढलं तर हसायचा — छाती भरदार नको का मर्दाची? बघता बघता बाजारात लोक तेच बोलायला लागले. ज्याच्या कुत्र्याच्या तोंडावर जखमा जास्त, त्याला बसायला जागा. ज्याच्याकडे बडबडी टेरी, त्याची टिंगल.

आणि मी? मी सगळ्यात पुढे. कुठून कुठून शोधून एक दांडगा, आवाज न करणारा कुत्रा आणला, नाव शेरू. उकंडानं त्याच्या छातीला वेढा घातला. अंगठे टेकले, बोटांत चार बोटं फट राहिली. त्यानं मान हलवली. "श्रावना, हा अडकन बे. अन् अडकला तं कुठी अडकला हे सांगन कोन? तोंडातून शब्द नाही त्याच्या."

मी म्हणालो, तुझ्या चिमीसारखी टकळी लागत नाही सगळ्यांना. ओरडून म्हणालो, त्याला ऐकू जावं म्हणून. चारचौघं हसले.

त्या दिवशी — थंडीचे दिवस, दुपार कलती झालेली — ठेकेदार चार माणसं घेऊन शेरूचं काम पाहायला आला. नाल्याच्या दरडीत एकच बीळ, त्याला दोन तोंडं, एक खाली आणि एक वर. आधी चिमीला खालून सोडलं, सायाळ आहे का ते कळावं म्हणून. तिनं लगेच आवाज दिला. ठेकेदार हसून म्हणाला, "ही तं भाषण देऊन राह्यली!"

एवढंच. एवढ्या एका वाक्यावर मी पेटलो. एका बिळात दोन कुत्री कधी सोडत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. चिमी अजून आत होती. उकंडा खालच्या तोंडाशी वाकलेला, त्याची माझ्याकडे पाठ. मी वरच्या तोंडातून शेरूला सोडलं.

घुसला तो. मग धपकन आवाज झाला आणि दरडीचा पोपडा आत बसला. दोन्ही तोंडं बंद.

ठेकेदाराची चार माणसं फावडी घेऊन धावली. मी सब्बल घेतली. खालच्या बाजूला रोवली आणि कान लावला.

चिमी भुंकत होती.

इथे थांबतो जरा. इतकी वर्षं मी इथेच येऊन थांबतो.

स्वच्छ आवाज होता. बारीक, एकसारखा, न घाबरलेला — मी अठी हाय, मी अठी हाय, असा. फार तर दीड हात खाली. चार माणसांनी पाव तासात काढली असती. मग वर जाऊन सब्बल रोवली. काही नाही. शेरू मुका. मेलाय की जिवंत, कुठे आहे, काहीच कळेना. ठेकेदार माझ्या तोंडाकडे पाहत उभा. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? चिमीला आधी काढली, तोवर शेरू मेला, तर उद्या सगळा बाजार म्हणेल — भुंकणारी वाचली, श्रावणचा मर्द गेला. चार माणसं होती, जागा दोन होत्या, आणि कान माझा होता.

मी म्हणालो, "खाली काही नाही. वर घरघर ऐकू येते. वर खणा."

कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

उकंडानं माझे ओठ पाहिले आणि फावडं घेऊन वर निघाला. दोन पावलं गेला, परत फिरला. खालच्या जागी गुडघ्यावर बसला आणि पंजा जमिनीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "श्रावना, माह्या हाताले लागून राह्यलं रे काहीतरी. ठोके हायेत."

मी त्याच्या जवळ गेलो. समोर बसलो, त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून. सावकाश बोललो. "वर फावडी पडून राह्यली ना, त्याचे ठोके हायेत ते. चिमी नाही आवाज देत."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं हात उचलला. पंजावरची माती धोतराला पुसली आणि वर जाऊन सगळ्यांपेक्षा जोरात खणायला लागला — माझ्या कुत्र्यासाठी. घरघर ऐकल्याचं खोटंच बोललो होतो, त्यामुळे आम्ही तीन जागा बदलल्या. मी मध्ये मध्ये खाली जाऊन सब्बलीला कान लावत होतो. कशासाठी? ती थांबली असेल तर बरं होईल म्हणून. खरंच, म्हणूनच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हाही ती भुंकत होती, पण मध्ये खंड पडत होता. मी पुन्हा मान हलवली — नाही.

शेरू सापडला. छातीशी अडकलेला, तोंडात सायाळीचे काटे, पण जिवंत. ठेकेदारानं त्याला उचलून जीपपर्यंत नेलं. माणसं त्याच्यामागे गेली. उकंडा एकटाच खाली उतरला आणि खणत राहिला. दिवस मावळता मावळता त्यानं तिला बाहेर काढली. पुढच्या पायांची नखं झिजून रक्त आलेलं. तोंडावर ओरखडा नव्हता.

तिला मांडीवर घेऊन तो बसला होता. मला म्हणाला, "भुकली काऊन नसन रे ती? कधी तं गप नाही राह्यली." त्याला खरंच कळत नव्हतं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "भेली असन."

थू माझ्या तोंडावर.

ते गावभर झालं. चिमीचा आवाज ऐन वेळी बसला, हे त्या जातीचं असंच, बडबड तेवढी. तिची दोन पिलं होती, दोन महिन्यांची. ती कुणी घेईना. उकंडानंही ठेवली नाहीत. त्याचा माझ्या कानावर विश्वास होता ना! त्यानं ती एका धनगराला देऊन टाकली आणि पुन्हा कुत्रं पाळलं नाही. शेरूची पिलं मात्र गावोगाव गेली. भरदार छातीची, मुकी. आणि मग ती एकेक करून बिळांत मरायला लागली. अडकायची, आवाज द्यायची नाहीत, आणि वर माणसं सब्बल घेऊन वेड्यासारखी फिरायची. शेरूही पुढच्या साली तसाच गेला. मी दिवसभर कान लावत हिंडलो. तो अजून त्या दरडीतच कुठेतरी आहे. त्यानंतर काही वर्षांत आमच्या भागात कामाची टेरी उरली नाही. ठेकेदार तोवर दुसऱ्या नादाला लागला होता.

पण हेही मी सोसलं असतं. कुत्र्यांचं काय, म्हटलं असतं.

एकदा उकंडाची गाय अडली. मी गेलो तर तो तिच्याजवळ नुसता उभा होता, हात मागे बांधून. मला खूण केली, तू पाहा. मी ओरडलो, अरे तू लाव ना हात, तुझ्यासारखं कुणाला कळतं? तो म्हणाला, "माह्या हाताचं काही खरं नाही, श्रावना. त्या दिशी कसा भास झाला मले." सहज म्हणाला. तक्रार म्हणून नाही. पुढे मी पाहत आलो. पोरीला ताप आला की बायकोला बोलवायचा, विहिरीचा दगड ठोकून हातानं पारखायचा झाला की दुसऱ्याला विचारायचा. कान सुरुंगानं नेले होते. हात मी नेले.

सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. दर वर्षी वाटलं. आणि एकदा सांगितलंही — ऐक कसं ते. म्हातारपणी तो ठार बहिरा झाला होता. ओट्यावर बसून लसूण सोलत होता, माझ्याकडे पाठ करून. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि सगळं बोललो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या आवाजात. समोर गेलो असतो तर त्यानं ओठ वाचले असते. म्हणून मागे उभा राहिलो. कळतंय ना तुला? त्या दिवशीही त्याची पाठच होती.

माझी सावली त्याच्या अंगावर पडली असावी. तो वळला, हसला. "काय म्हनून राह्यला बे?"

मी म्हणालो, "काही नाही. लसून चांगला हाय औंदाचा."

"हाव," तो म्हणाला आणि मूठभर लसूण माझ्या हातात दिला. मी तो घरी आणला. आम्ही खाल्ला.

त्याला जाऊन आता दोन वर्षं झाली. चिमी भुंकत होती. मी पहिल्यांदा कान लावला तेव्हा, दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदाही. उकंडाच्या हाताला लागत होती ती तीच होती.