दहा मिनिटं पुढे
कुठे कटिंग ऑइलचा वास आला की मला अंबडच्या कारखान्यातली ती सकाळ आठवते. तिथले कॉम्प्युटर सांभाळायला मी नुकताच लागलो होतो. फाइल सर्व्हर कुणालाच आत घेईना, पासवर्ड बरोबर असूनही नकार. त्यावरची सुट्या भागांची ड्रॉइंग उघडत नव्हती म्हणून मशीनं थांबली होती आणि कारखान्याचे साहेब सारखे डोकावून जात होते. मी केबल बदलल्या, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, काही उपयोग झाला नाही. मग सिन्नरहून एसटीने येणाऱ्या आमच्या सिनियर मॅडम आल्या. खांद्यावरची पर्स न काढताच त्यांनी सर्व्हरच्या नोंदी वाचल्या आणि खिडकीतून फाटकावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कामगार वेळेवर यावेत म्हणून ते कायम दहा मिनिटं पुढे असायचं. "सर्व्हरची वेळ त्या घड्याळावरून लावलीस का रे?" त्यांनी हळूच विचारलं. लावली होती, आदल्या संध्याकाळी. सगळा कारखाना त्याच घड्याळावर चालतो म्हणून. "पासवर्ड तपासणारा सर्व्हर वेगळा आहे. दोघांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तो याच्यावर विश्वासच ठेवत नाही." त्यांनी वेळ जुळवली आणि फाइली उघडू लागल्या. साहेबांनी दारातूनच विचारलं, "चूक कुणाची होती?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फाटकावरच्या घड्याळाची, सर. ते पुढे आहे." साहेब तसेच मशीनांकडे वळले, कारण ते पुढे करायला त्यांनीच सांगितलं होतं. आता माझ्या हाताखालची मुलं चुकतात, आणि वर जाब द्यायची वेळ आली की मी आधी एखादं घड्याळ शोधतो.