बारा सेकंद

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणाऱ्या त्या माणसाला सगळे घंटाकाका म्हणत. वादविवादाची स्पर्धा असली की टेबलाच्या कडेला स्टॉपवॉच आणि पितळी घंटा घेऊन बसायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. चार मिनिटांना एक टोल, पाचला दोन. मग वाक्य अर्धं असो की शब्द, बोलणं बंद. मुख्याध्यापकांच्या मुलालाही त्यांनी एकदा असंच मधेच गप्प केलं होतं. भाषणं मात्र ते ऐकत नसत. काट्यावर डोळा ठेवायचा तर कान मिटून घ्यावे लागतात, असं ते म्हणायचे.

त्या वर्षीचा विषय होता, अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार पक्षपाती आहे का? बाजूने बोलणार होती त्यांचीच धाकटी लेक. जिंकली तर राजधानीतल्या फेरीला जाणार होती. महिनाभर घरात दुसरं बोलणंच नव्हतं. "आमटीत मीठ जास्त पडलं तरी हल्ली माझ्यावर निर्बंध लागतात," असं तिची आई शेजारणीला सांगायची.

आधी विरोधी शाळेची चष्मेवाली मुलगी बोलली. "नियम वाकडा आहे, मान्य! पण तो मोडून टाकला तर उद्या..." टण् टण्. घंटाकाकांच्या कानावर आलं ते एवढंच. मुलगी ओठ चावत खाली उतरली.

मग लेक उभी राहिली. "ज्यांनी आधी बॉम्ब केले ते पहारेकरी, आणि नंतर करू पाहणारे चोर! मित्राच्या बॉम्बकडे काणाडोळा करायचा आणि नको त्या देशाचा कारखाना तपासायला माणसं धाडायची. तपासणाऱ्यांची कोठारं कोण तपासणार?" घंटाकाकाही ऐकत राहिले. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी दचकून घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं आणि वर बारा सेकंद झाले होते. त्यांनी घाईघाईने दोन टोल दिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परीक्षक गुणांची बेरीज करत होते. ऐकण्याच्या नादात चूक झाली, असं घंटाकाका स्वतःला समजावत होते. पण मग चष्मेवालीच्या वेळी कान कसे बंद राहिले? तीही कुणाची तरी लेकच होती. ते उठून परीक्षकांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, माझी घंटा उशिरा पडली. बारा सेकंद. वेळ ओलांडल्याचे गुण कापा."

"अहो काका, बारा सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय!"

"चष्मेवालीला एक सेकंदही नव्हता मिळाला."

दोन गुण कापले गेले आणि लेक अर्ध्या गुणाने हरली.

घरी जाताना ती चार पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून तिने तोंड उघडलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का, बाबा? बॉम्बवाले कधी उठून म्हणालेत, आमचंही चुकलं म्हणून?"

"नाही म्हणाले."

"मग तुम्हीच एकटे हरिश्चंद्र?"

"त्यांना मी काय सांगणार, बाळा? माझ्या हातात एवढंच घड्याळ होतं." आपलं बरोबर होतं की नाही, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. तिचं रडवेलं तोंड बघून तर अजिबातच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "आमची पोर बोलेल तेव्हा घड्याळ दुसऱ्या शाळेकडे द्या."

"काका, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

"म्हणूनच तर काल कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, सर."

पुढच्या वर्षी लेकीच्या वेळी चष्मेवालीच्या शाळेतल्या बाई घड्याळ घेऊन बसल्या. लेकीचं शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलं. ती तणतणत येऊन बाबांशेजारी बसली.

"दोन सेकंद आधीच वाजवली त्यांनी!"

"मोजलेस तू?"

"नाही. पण वाटलं तसं."

घंटाकाकांनी बाईंच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मलाही वाटलं."